तिजोरीतली चव्वेचाळीस वाक्यं

पायरी कशी उतरायची हे पेशंटला दाखवता दाखवता व्यायामबाई पायरीवरून पडली. दवाखान्याच्या दारात तीनच पायऱ्या होत्या. आधी दुखरा पाय, मग चांगला, असं तिने सांगितलं आणि तिचे दोन्ही पाय एकदमच खाली गेले. पेशंट म्हणजे गुडघा बदललेले एक सत्तरीचे गृहस्थ. त्यांनी कठडा धरला, आधी दुखरा आणि मग चांगला असे पाय टाकत ते खाली आले आणि तिला आधार दिला. पुढे महिनाभर ते भेटेल त्याला सांगत होते, की त्या दिवशी पायरी बरोबर उतरणारे ते एकटेच.

व्यायामबाई हे नाव तिला पेशंटांनीच दिलेलं. ती फिजिओथेरपिस्ट होती, पण तो शब्द उच्चारायलाच वेगळा व्यायाम लागतो, असं लोक म्हणत. तिचा नवरा शिवणयंत्रं दुरुस्त करायचा, त्याला सगळे मिस्त्री म्हणत. घरी मात्र दोघांना नावच नव्हतं. तो 'अरे' होता आणि ती 'अगं'. लग्नाला सतरा वर्षं झाली होती आणि तेवढ्यावर भागत होतं.

मिस्त्री दुकान तसंच टाकून हॉस्पिटलात पोचला तेव्हा तिच्या घोट्याचा एक्स-रे काढून झाला होता. हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. दुखणं थांबावं म्हणून तिला इंजेक्शन दिलं होतं आणि ती छताकडे बघून हसत होती. नर्सला एकच गोष्ट हवी होती. काही वर्षांपूर्वी दाढेच्या ऑपरेशनच्या वेळी एका औषधाने बाईच्या अंगभर पुरळ उठलं होतं, त्या औषधाचं नाव. मिस्त्रीला ते काही केल्या आठवेना. बाई म्हणाली, जुने रिपोर्ट सगळे माझ्या खात्यात आहेत, त्यात बघ. पडताना तिचा फोन पायरीवर आपटून काचेचं जाळं झालं होतं, म्हणून मिस्त्रीने स्वतःचा फोन काढला, खात्याचं पान उघडलं आणि तिला पासवर्ड विचारला.

ती म्हणाली, "एवढा घोरतोस की भिंत हलते."

मिस्त्रीला वाटलं, इंजेक्शन चढलं. त्याने पुन्हा विचारलं, सावकाश. तिनेही तेच पुन्हा सांगितलं, तेवढंच सावकाश, शब्द सुटे सुटे करून. नर्स सलाईनच्या बाटलीकडे बघायला लागली. तिसऱ्यांदा विचारल्यावर बाई चिडली आणि म्हणाली, की सगळं इंग्रजी अक्षरांत लिही, शब्दांच्या मधे जागा सोड आणि शेवटी पूर्णविराम देऊ नकोस. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. 'घोरतोस' कसं लिहायचं यात तीन प्रयत्न वाया गेले. चौथ्याला खातं उघडलं, औषधाचं नाव मिळालं आणि पुढचं सगळं सुरळीत झालं. नर्सने मात्र जाता जाता मिस्त्रीला विचारलं, की खरंच हलते का.

घरी आल्यावर बाईला सहा आठवडे पाय उशीवर ठेवून सोफ्यावर बसायचं होतं. पहिल्याच दिवशी तिने ठरवलं, की हे असं चालायचं नाही. घरातलं अर्धं जग आता कुठल्या ना कुठल्या खात्यात होतं आणि त्या सगळ्या खात्यांच्या किल्ल्या तिच्या एकटीकडे होत्या. तिच्या फोनमध्ये पासवर्ड सांभाळणारं एक अ‍ॅप होतं, त्याला ती तिजोरी म्हणायची. मिस्त्रीची पद्धत वेगळी. त्याचा सगळीकडे एकच पासवर्ड होता, त्याने शिकताना पहिल्यांदा उघडलेल्या मशीनचा नंबर. आणि विसरायला नको म्हणून तो त्याने दुकानातल्या कपाटाच्या दारावर खडूने लिहून ठेवला होता. गिऱ्हाइकांना वाटायचं, दुकानाचा फोन नंबर आहे. काही जणांनी लावूनही बघितला होता.

नव्या फोनवर तिजोरी उतरवून झाल्यावर तिने त्याला शेजारी बसवलं. त्याच्या फोनवर तेच अ‍ॅप घातलं, दोघांची खाती त्यात जोडली. तिजोरीचे दोन भाग करता येत होते, सामायिक आणि खाजगी. सामायिक भागात जे असेल ते दोघांनाही दिसणार, आणि एकाने आपल्या फोनवर काही बदललं की दुसऱ्याच्या फोनवरही ते आपोआप बदलणार. घरच्या आणि दवाखान्याच्या कामाच्या मिळून एकतीस नोंदी तिने सामायिक भागात सरकवल्या. उरलेल्या तेरा खाजगीत राहिल्या. त्या सरकवताना तिने फोन थोडा स्वतःकडे वळवला होता, पण मिस्त्रीचं लक्ष नव्हतं. तो एव्हाना वाचायला लागला होता.

बाईचं म्हणणं असं, की पासवर्ड लक्षात राहायला हवा तर तो मनातलाच हवा. नवा पासवर्ड मागितला गेला की त्या क्षणी डोक्यात जे वाक्य असेल ते ती ठोकून द्यायची. आता पासवर्ड मागितले जातात ते बहुतेक घाईच्या वेळी, एक डोळा गॅसवर आणि एक घड्याळावर असताना. त्यामुळे मिस्त्रीच्या समोर जी यादी उलगडली ती अशी. वाचनालय: ओला टॉवेल पलंगावर कोण ठेवतं. पाण्याचा फिल्टर: झाकण लावायला काय जातं. दातांचा डॉक्टर: परत विसरलास ना. प्रवासाची तिकिटं: एकदा तरी वेळेवर निघ. वॉशिंग मशीन: खिशातल्या सुया काढ आधी.

मिस्त्रीने यादी वरून खाली वाचली आणि मग खालून वर वाचली. दर खेपेला तिकिटं काढताना ही बाई आपल्याला वेळेवर निघायला सांगत होती आणि आपण शेजारी सफरचंद खात बसलो होतो, हे त्याला आत्ता कळत होतं. तो म्हणाला, की हे सगळं फार एकतर्फी आहे. ती म्हणाली, पासवर्ड एकतर्फीच असतो.

त्याच्या मनाला लागलं. दुकानात बॉबिनमधला गुंतलेला दोरा चिमट्याने काढताना त्याला आठवायचं, एकतीस. त्या आठवड्यात टॉवेल दोरीवर दिसायला लागला. शर्ट धुवायला टाकण्याआधी तो खिसे उलटे करून दाखवायचा, जादूगार दाखवतात तसे, समोर कोणी असो वा नसो. बाईने बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

बसून बसून कंटाळलेल्या बाईने मधल्या काळात पेशंटांसाठी एक पत्रक लिहून काढलं, घरच्या घरी करायचे घोट्याचे व्यायाम. अनुभव ताजा होता. लिहून झाल्यावर तिने ते सासऱ्यांकडे तपासायला पाठवलं. सासरे दोन गल्ल्या सोडून तळमजल्यावर एकटे राहत. त्यांनी चाळीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासली होती आणि अजूनही औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठीसुद्धा ते हातात पेन्सिल घेतल्याशिवाय वाचत नसत. डोळ्यांना त्रास नको, अक्षर मोठं करून वाचता यावं, म्हणून बाईने तिचा जुना टॅब त्यांना महिन्याभरापूर्वी देऊन टाकला होता. पत्रक तिने त्या टॅबवरच पाठवलं आणि फोन करून सांगितलं, की एकदा नजर घाला, जिथे चुकलं असेल तिथे सरळ दुरुस्त करा, मला विचारत बसू नका. सासऱ्यांच्या आवाजात एवढी उमेद तिने बऱ्याच दिवसांत ऐकली नव्हती.

त्यानंतर तिजोरी बिघडायला लागली.

सोमवारी वाचनालयाच्या खात्याने तिला ओळख दाखवली नाही. बुधवारी वॉशिंग मशीनवाल्यांच्या खात्याने मिस्त्रीला तीनदा परत पाठवलं. गुरुवारी दवाखान्याच्या भेटींची वही बंद पडली. ही वही कॉम्प्युटरवर होती आणि बाई घरबसल्या तीच सांभाळत होती. पाच वेळा चुकीचा पासवर्ड गेला म्हणून वहीने स्वतःला दिवसभरासाठी कुलूप लावून घेतलं. दवाखान्यात तिच्या जागी आलेल्या नव्या मुलीने आठवेल तसं सगळ्यांना बोलावलं. परिणामी दहा वाजता दोन टेबलांवर चार पेशंट होते, आणि पाचव्या बाई दाराच्या मुठीला रबरी पट्टा बांधून उभ्याउभ्याच व्यायाम करत होत्या, त्यामुळे दार कोणालाच उघडता येत नव्हतं.

बाईने तिजोरी उघडून ती नोंद नीट बघितली. वाक्य तेच होतं: मी बोलतेय तेव्हा फोन ठेव. पण 'तेव्हा'च्या पुढे एक स्वल्पविराम येऊन बसला होता. आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की हा बदल दुसऱ्या उपकरणावरून झाला आहे. दुसरं उपकरण म्हणजे मिस्त्रीचा फोन, दुसरं कोण असणार.

संध्याकाळी तो घरात शिरतो न शिरतो तोच तिने विचारलं, की माझी वाक्यं तू कशाला बदलतोस. मिस्त्री म्हणाला, मी हात लावलेला नाही, उलट तूच बदलत असशील, मी एकतर्फी म्हणालो म्हणून मला बाहेर काढायला. त्यावर ती म्हणाली, की स्वल्पविराम मी कधीच देत नाही. "सतरा वर्षांत मी तुझ्याशी बोलताना एकदा तरी स्वल्पविराम दिलाय का?"

मिस्त्रीने विचार केला. ते खरं होतं. पण याचा अर्थ संशय त्याच्याकडेच येत होता, आणि त्याने तो मुद्दा मान्य केला नाही.

दोन दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. तिसऱ्या दिवशी बाईने पैज लावल्यासारखं सांगितलं, की आज तुझा फोन माझ्यापाशी ठेवून दुकानात जा. तो ठेवून गेला. दोन्ही फोन मांडीवर घेऊन ती पहाऱ्याला बसली. सव्वाअकराच्या सुमाराला तिच्या डोळ्यांदेखत 'झाकण लावायला काय जातं' या वाक्याच्या शेवटी एक प्रश्नचिन्ह उगवलं. मिस्त्री तेव्हा दुकानात कोणाच्या तरी मशीनचा पट्टा बदलत होता आणि त्याचा फोन तिच्या मांडीवर गप्प पडलेला होता. तिला फार वाईट वाटलं. तिने लगेच त्याला निरोप पाठवला, चुकलं माझं, माफ कर. मांडीवरचा दुसरा फोन वाजला.

निरोप मिस्त्रीने घरी आल्यावर वाचला, तिच्यासमोरच, दोनदा. म्हणाला, हा पुसू नकोस. पण आता दोघांनाही भीती वाटायला लागली होती. कोणीतरी परका माणूस तिजोरीत शिरला होता. चोर म्हणावा तर त्याने काही नेलं नव्हतं, नुसती चिन्हं आणून टाकत होता. मिस्त्री म्हणाला, असा चोर त्याने ऐकलेला नाही. अ‍ॅपच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. पलीकडच्या मुलीने शांतपणे सगळं ऐकून घेतलं, जुने पासवर्ड जपून ठेवायची सोय अ‍ॅपच्या तुम्ही घेतलेल्या प्रकारात येत नाही हे सांगितलं, आणि मग विचारलं, की तिजोरी कुठल्या कुठल्या उपकरणांवर चालू आहे ती यादी बघितलीत का. बघितली नव्हती. बघितली तर तीन नावं निघाली. बाईचा फोन. मिस्त्रीचा फोन. जुना टॅब.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. टॅब देताना बाईने फोटो काढून घेतले होते, पत्ते पुसले होते. तिजोरी मात्र तशीच राहिली होती, तिच्याच नावाने उघडी. टॅबचा चार आकडी नंबर दाबला की तिजोरीचं दारही उघडायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुबड्या घेऊन बाई, आणि तिच्या मागे पडलीच तर धरायला दोन्ही हात पुढे केलेला मिस्त्री, अशी दोघं मिस्त्रीच्या बाबांकडे गेली. दार उघडंच होतं. बाबा टेबलाशी बसले होते. पाण्याच्या जगला टेकवून टॅब उभा केलेला, शेजारी रेघा आखलेली वही, कानामागे पेन्सिल.

"बरं झालं आलात," बाबा म्हणाले. "तिसरं वाचन चालू आहे."

झालं होतं ते असं. फोनवर बाईने सांगितलं होतं, निळ्या वहीचं चित्र आहे ते उघडा. तिजोरीचं चित्रही निळंच, आणि बाबांच्या नजरेला चौकोनी ते सगळं वहीच. त्यांनी दाबलं, नंबर मागितला, त्यांनी टॅबचा नंबर दिला, समोर मजकूर आला. व्यायाम त्यात कुठे नव्हता, पण त्यांना वाटलं, सूनबाईंचा बेत बदलला असेल. लिहिणारे बदलतात बेत, चाळीस वर्षांत हे त्यांनी पुष्कळ बघितलं होतं. भाषा आपली आणि अक्षरं परकी, हे त्यांना विचित्र वाटलं होतं, पण छापखान्यात याहून विचित्र हस्तलिखितं येऊन गेली होती. शुद्धलेखनाचे नियम अशा लेखनाला नव्हते, म्हणून त्यांनी स्वतःच ठरवले. स्वर दीर्घ असेल तर अक्षर दोनदा. वाक्याचं पहिलं अक्षर मोठं. प्रश्न असेल तर प्रश्नचिन्ह. मुख्य म्हणजे एकरूपता. सूनबाईंनी एकाच लेखनात 'पाणी' तीन तऱ्हांनी लिहिलं होतं, ते त्यांना झोप येऊ देत नव्हतं.

बाई कुबड्यांवर रेलून टॅबकडे बघत राहिली. बाबांना वाटलं, ती अभिप्रायाची वाट बघतेय.

"शैली तुटक आहे," ते म्हणाले. "पण नवऱ्याचं पात्र अगदी जिवंत उतरलंय."

मिस्त्रीने विचारलं, की बाबा, तुम्हाला ते पात्र ओळखू नाही आलं का. बाबांनी चष्म्यावरून मुलाकडे बघितलं. ओळखीचं वाटलं खरं, ते म्हणाले, विशेषतः टॉवेलच्या ठिकाणी, पण तपासणाऱ्याने मजकुरात शिरायचं नसतं. मग ते सुनेकडे वळले. "एकच सुचवतो. पहिल्या भागात तक्रारी फार होतात. दुसऱ्या भागात सूर बदलतो, तो जरा आधी आणता आला तर बघा."

"दुसरा भाग कुठला?" मिस्त्रीने विचारलं.

बाई आपल्या प्लास्टरवरची एक रेघ नखाने खरवडायला लागली. टॅब तिच्या नावाने उघडा होता, मिस्त्रीच्या नाही. मिस्त्रीला एकतीस वाक्यं दिसत होती, बाबांना चव्वेचाळीस.

आता काय काय बदललं गेलं हे शोधायचं तर काही मार्ग नव्हता, असं बाईला वाटत होतं. वाक्यं तिला सगळी पाठ होती, पण कुठलं वाक्य कुठल्या अक्षरांत ठोकलं होतं हे फक्त तिजोरीला माहीत होतं. तेव्हा बाबांनी ती रेघा आखलेली वही पुढे सरकवली. छापखान्याची शिस्त त्यांनी सोडली नव्हती. प्रत्येक दुरुस्तीची नोंद होती. डाव्या रकान्यात मूळ, मधल्यात दुरुस्त, उजव्यात कारण. अक्षर मोत्यासारखं. बाईने ती वही बघितली आणि सासऱ्यांच्या पाया पडावं की वही डोक्यावर घेऊन नाचावं, असं तिला झालं. पायामुळे दोन्ही जमण्यासारखं नव्हतं.

काम वाटून घेतलं. मिस्त्री डावा रकाना वाचून दाखवणार, बाई फोनवर जसंच्या तसं भरणार. पहिला भाग मिस्त्रीने खणखणीत आवाजात वाचला, आरोपीने स्वतःवरचे आरोप स्वतःच वाचून दाखवावेत तसा. टॉवेल, झाकण, सुया, घोरणं. मधेमधे बाबा कारणं सांगत होते. घोरण्याच्या वाक्यात 'भिंत' शब्दावर त्यांचं फार समाधान झालं होतं, तो मुळातच बरोबर होता. एकतीस संपली. मिस्त्रीने पान उलटलं आणि थांबला.

बाईने हात पुढे केला. त्याने वही तिच्या हातात दिली. तिने ते पान वाचलं, थोडा वेळ धरून ठेवलं आणि परत त्याच्यापुढे केलं.

"तूच वाच," ती म्हणाली. "मला भरायचंय."

तिचं स्वतःचं बँकेचं खातं होतं: आज न सांगता भांडी घासलीस. तिच्या पत्रांचं खातं: तुझ्या हातांना मशीनच्या तेलाचा वास येतो. फोटो ठेवायची जागा: हसताना डोळे मिटतोस म्हणून सगळे फोटो वाया. मिस्त्रीचा आवाज पहिल्या भागापेक्षा पुष्कळच खाली आला होता, आणि त्याला प्रत्येक अक्षर सुटं करून सांगायचं होतं, त्यामुळे पळवाट नव्हती. वाचता वाचता तो हसला, आणि त्याचे डोळे मिटले, आणि ओळ चुकली. बाबा उठले. नळ टिपकतोय का बघतो, असं म्हणून आत गेले. नळ टिपकत नव्हता.

एका नोंदीपुढे दुरुस्तीच नव्हती. दाढेच्या ऑपरेशननंतर रुग्णालयाच्या दुसऱ्या एका खात्यासाठी तिने वाक्य दिलं होतं, घाबरले होते पण तू होतास. बाबांनी उजव्या रकान्यात लिहिलं होतं, 'पण'च्या आधी स्वल्पविराम हवा, तरी घातला नाही, वाक्य एका दमात आहे.

मिस्त्रीने वही मिटली. वहीच्या कडा त्याने सारख्या केल्या. मग म्हणाला, "हे तोंडाने एकदा सांगितलं असतंस तर?"

"तोंडाने सांगितलं असतं तर पासवर्ड बदलावा लागला असता," बाई म्हणाली, आणि पुढची नोंद कुठली ते विचारलं.

जेवायच्या वेळेपर्यंत सगळं मार्गी लागलं. टॅबवरची तिजोरी बाईने बंद केली. बाबांना ते आवडलं नाही. मजकूर पासवर्डांचा होता हे कळल्यावर त्यांना आपण केलेल्या घोटाळ्याची लाज वाटली, पण त्याहून जास्त वाईट वाटलं ते हातातलं काम गेल्याचं. म्हणून बाईने तिथेच बसून त्यांना खरं पत्रक उघडून दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते छापील कागदावर परत आलं. काळ्यापेक्षा लाल जास्त होतं. शेवटी एक शेरा होता, की लेखिकेला विषयाचा प्रत्यक्ष अनुभव आहे, हे सुरुवातीलाच यायला हवं.

तेवढ्यावर भागलं नाही. चव्वेचाळीस वाक्यं आता तीन माणसांना माहीत झाली होती आणि त्यांतली अर्ध्याहून जास्त उघड्या दाराशी मोठ्याने वाचली गेली होती. बाई म्हणाली, हळूहळू सगळीच बदलायला हवीत. मिस्त्री म्हणाला, पहिलं मी देणार. दवाखान्याच्या भेटींच्या वहीपासून सुरुवात करायची ठरली. त्याने फोन हातात घेतला आणि सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. बराच विचार करून त्याने लिहिलं, लवकर ये. खाली एक लाल पट्टी आली आणि तिने सांगितलं, की हा पासवर्ड कमकुवत आहे. मिस्त्रीला ते लागलं. दोन शब्द त्याने फार मनापासून लिहिले होते. त्याने पुढे जोडलं, वाट बघतोय. पट्टी पिवळी झाली, मध्यम. आता तो इरेला पेटला. अजून जोडलं, दुकान साडेसहालाच बंद करतोय. वडिलांची आठवण ठेवून त्याने स्वल्पविरामही दिले. पट्टी गडद हिरवी झाली, आणि सुई पहिल्या खेपेला ओवली गेल्यावर त्याचा चेहरा होतो तसा झाला. बाईने विचारलं, की एवढं मोठं रोज टाइप कोण करणार. तो म्हणाला, तू.

प्लास्टर निघाल्यानंतर बाई दवाखान्यात परत गेली तो दिवस गडबडीचा होता. पेशंट आठ वाजल्यापासून येऊन बसले होते. तिचा फोन घरी चार्जरला राहिला होता, त्यामुळे वही उघडायला वाक्य हातानेच घालावं लागणार होतं. तिने घातलं. वहीने नाकारलं. तिने पुन्हा घातलं. पाचव्या चुकीला दिवसभराचं कुलूप, हे तिला चांगलं आठवत होतं. तिसरा प्रयत्न करण्याआधी तिने दवाखान्याच्या फोनवरून दुकानात फोन लावला.

मिस्त्रीच्या समोर तेव्हा एक शिंपीणबाई उभ्या होत्या. त्यांच्या मशीनचा टाका खालून सुटत होता आणि बॉबिन त्यांनी हातातच आणली होती. मिस्त्रीने फोन कानाला लावला, ऐकलं, इकडेतिकडे बघितलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

"लवकर ये," तो म्हणाला. "स्वल्पविराम. वाट बघतोय. स्वल्पविराम. दुकान साडेसहालाच बंद करतोय."

पलीकडे वही उघडली. आजच्या भेटी एकाखाली एक दिसायला लागल्या. तरी बाई म्हणाली, की इथे फार गलका आहे, नीट ऐकू आलं नाही, परत सांग.

त्याने परत सांगितलं, जरा मोठ्याने. शिंपीणबाईंनी बॉबिन काउंटरवर ठेवली आणि समोरच्या फळीवरच्या सुयांच्या डब्या मोजायला लागल्या.